सिंह झोपतात त्या वेळेतली शाळा

प्रति,
मा. संचालक,
सप्टेंबर 2024 मध्ये मी ज्यांच्याबरोबर केनियाला गेले ती सहल कंपनी
प्रत: मसाई मारातल्या आमच्या कॅम्पचे व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

कंपनीचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. पत्र कोणाला आहे ते तुम्हाला पहिल्या परिच्छेदात कळेल. शिवाय पुण्या-मुंबईहून आफ्रिकेच्या सहली काढणारे तुम्ही एकटे नाही, आणि पुढे जे लिहिलंय ते बाकीच्यांनीही वाचावं अशी इच्छा आहे. म्हणून पत्र खुलं.

गेल्या महिन्यात तुमचं नवं माहितीपत्रक व्हॉट्सॲपवर आलं. 'दिवस पाचवा' या पानावर मी थांबले. "पहाटे गेम ड्राइव्ह. नाश्ता. 10 ते 11.30 मसाई गावातील शाळेला भेट, मुलांचे स्वागतनृत्य, आपल्या हस्ते वस्तुवाटप. दुपारी आराम." शेजारी फोटो: लाल स्वेटर घातलेली सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्या हातात आपल्याकडच्या चॉकलेटची पुडी, आणि मागे आमच्यापैकी कोणाचा तरी अर्धा पंजाबी ड्रेस. तो फोटो मी काढलेला आहे. सहलीच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून तुम्ही उचलला. मला विचारलं नाहीत ते एक वेळ सोडून देऊ. पण त्या मुलीच्या आईला कोणी विचारलं? मीही नव्हतं विचारलं. तेव्हा या पत्रातल्या आरोपींत मीसुद्धा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. त्यातली शेवटची नऊ ताडोबाच्या जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या एका गावात. पाच-सहा किलोमीटरवर रिसॉर्टांची रांग. मंगळवारी ताडोबा बंद असतो. सफारी नाही, मग पाहुण्यांना दिवसभर करायला काय द्यायचं? मंगळवारी सकाळी आमच्या फाटकाशी गाडी थांबायची. रिसॉर्टचा मॅनेजर पुढे, मागून टोप्या-कॅमेरे. मी खडू खाली ठेवायचा, मुलांनी प्रार्थना पुन्हा एकदा म्हणायची, मग दप्तरं वाटायची. एका हिवाळ्यात तिसरीतल्या एका पोरीला तीन दप्तरं मिळाली, आणि त्याच हिवाळ्यात आमच्या हातपंपाचा दांडा दीड महिना मोडून पडलेला होता. पुढे पुढे मंगळवार उजाडला की मुलं पाटी-पुस्तक काढायचीच नाहीत. "बाई, आज पावने येतेत ना जी?" मी काही वेळा ओरडले. एकदा मात्र पाहुणे आले नाहीत, आणि मलाच चुकल्यासारखं वाटलं. ते वाटणं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

एवढं अनुभवलेली बाई केनियात जाऊन त्याच रांगेत चॉकलेटं घेऊन उभी राहिली. कशी, ते मलाही नीट सांगता येत नाही. नाकुरूहून आलो होतो, पहाटे चित्ता दिसला होता, सगळे खुशीत होते आणि टूर मॅनेजरने पुड्या हातात दिल्या.

त्या दिवशीचं सांगते. आम्ही 18 जण, तीन लँड क्रूझर. पत्र्याच्या छपराचे सहा वर्ग, एक पाण्याची टाकी, बाहेर तीन दगडांवर मोठं पातेलं. मुलं आधीच मैदानात रांगेत उभी. गाणं झालं, उड्या मारण्याचा नाच झाला. आमच्यातले एक काका चौथीच्या वर्गात शिरले आणि फळ्यावर सफरचंद काढून "ए फॉर ॲपल" म्हणवून घेऊ लागले. तिथे चौथीपासून शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. घरात मसाईंची मा भाषा, बाजारात स्वाहिली, वर्गात इंग्रजी अशा तीन भाषा ही पोरं रोज बोलतात. त्यांनी काकांचं मन राखलं, मोठ्याने म्हणून दाखवलं. मग एका मुलीने उभं राहून स्वच्छ इंग्रजीत विचारलं की तुमच्या देशात पाऊस कोणत्या महिन्यात येतो. काकांना उत्तर सुचेना, कारण तेवढ्यात टूर मॅनेजर बाहेरून "ग्रुप फोटो!" म्हणून हाका मारत होता. तिचा प्रश्न तसाच राहिला. जून ते सप्टेंबर, बाळ. हे मी तिला सांगू शकले असते. मीही फोटोला गेले.

मी शिक्षिका होते हे कळल्यावर मुख्याध्यापक मला "म्वालिमू" म्हणू लागले. स्वाहिलीत म्वालिमू म्हणजे शिक्षक. शेजारच्या टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मुळात शिक्षक, त्यांना लोक शेवटपर्यंत म्वालिमूच म्हणत. आपल्याकडे 'गुरुजी' या शब्दाला एके काळी जो मान होता, तसाच हा. बाकीचे फोटोत गुंतले तेव्हा मी मुख्याध्यापकांबरोबर त्या पातेल्याशी जाऊन उभी राहिले. आत गिथेरी शिजत होती: मक्याचे दाणे आणि घेवडा एकत्र उकडलेला, वर थोडं मीठ. आमच्या शाळेतली खिचडी आठवली. मी त्यांना एकच विचारलं, तुम्हाला खरंच काय लागतं? त्यांनी एकेक बोट मिटत सांगितलं. शाळेच्या व्यवस्थापन मंडळाने नेमलेल्या दोन शिक्षकांचा पगार. तिसऱ्या सत्राचा घेवडा. टाकीवर छपराचं पाणी आणणारी पन्हळ. चौथं बोट मिटण्याआधी हसले आणि म्हणाले, "आणि पाहुणे कधी येणार ते आदल्या रात्रीच्या आधी कळलं तर बरं."

आता माझ्या तक्रारी. मनात आल्या तशा लिहिते आहे, क्रमाकडे बघू नका.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची आहे. मारात सिंह-चित्ते पहाटे आणि संध्याकाळी हलतात. दहा ते चार ऊन, जनावरं सावलीला पडलेली, पाहुणे तंबूत कंटाळलेले. वेळापत्रकातलं ते रिकामं घर भरायला तुम्ही शाळा घेतलीत. ताडोबात मंगळवारी घेतली जायची तशीच. पण दहा ते साडेअकरा हा मुलांच्या डोक्यातला सगळ्यात ताजा वेळ असतो, हे कोणताही शिक्षक सांगेल. वरून महिना बघा. विल्डेबीस्ट या हरणवर्गातल्या मोठ्या जनावरांचे कळप मारा नदी ओलांडतात ते जुलै ते ऑक्टोबर, म्हणून तुमच्या सगळ्या तारखा त्याच. केनियात शाळेची तीन सत्रं. तिसरं ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरअखेर संपतं, जेमतेम नऊ आठवड्यांचं, आणि त्याला लागूनच सहावीच्या मुलांची राष्ट्रीय परीक्षा. आठवड्याला तीन भेटी धरल्या तरी दीड तासाच्या हिशोबाने सत्रात चाळीस तास होतात. शाळेचे आठ दिवस. परीक्षेच्या तोंडावर तुमच्या मुलाच्या शाळेने आठ दिवस नाच बसवला असता तर तुम्ही काय केलं असतं?

दुसरं म्हणजे वाटप. आपल्याकडे हा शब्द फोटोसकटच जन्माला येतो. वह्यावाटप, छत्रीवाटप, फराळवाटप. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ असं लिहिणारे आपण, मोंबासाच्या वाटेवर बदलू ही अपेक्षा नाही. पण निदान पाहावं. आम्ही नेलेल्या वह्या चाररेघी होत्या, मराठी अक्षर वळणासाठीच्या. आम्ही नेलेल्या चॉकलेटांचे कागद पंधरा मिनिटांत कुंपणाच्या काट्यांना लागले. नैरोबीत उतरताना तुमच्याच माणसाने आमच्या बॅगांतल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून ठेवायला लावल्या होत्या, कारण 2017 पासून त्या देशात त्यांना बंदी आहे! आणि परतताना रस्त्याच्या कडेने पोरं "स्वीट, स्वीट" ओरडत गाडीमागे धावली. ती सवय त्यांना त्यांच्या आयांनी लावलेली नाही. वह्याच द्यायच्या तर नारोकच्या बाजारात मिळतात, तिथल्या अभ्यासक्रमाच्या, तिथल्या दुकानदाराचा धंदा करून. दुकानाला स्वाहिलीत 'दुका'च म्हणतात, भाषेचीही अडचण नाही.

तिसरं चित्राबद्दल. तुमच्या पत्रकात "दारिद्र्यात हसणारी मसाई मुले" असं लिहिलंय. आपला कॅम्प एका कन्झर्व्हन्सीत होता. म्हणजे मसाई कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून, गुरं चारण्यावर बंधनं सोसून, भाड्याने दिलेल्या जागेत. ज्या तंबूत आम्ही गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन झोपलो तो तंबू कदाचित त्या लाल स्वेटरवालीच्या बापाच्या जमिनीवर असेल. ती मंडळी आपली जमीनमालक आहेत. त्यांची पोरं हात पसरलेली दाखवून तुम्ही पुढची सहल विकता आहात. केनियात 2019 चा माहिती संरक्षणाचा कायदा आहे. मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते. 2023 मध्ये तिथल्या माहिती संरक्षण आयुक्तांनी पालकांना न विचारता मुलांचे फोटो टाकले म्हणून एका शाळेलाच 45 लाख शिलिंगांहून जास्त दंड केला. कायदा मला परत आल्यावर कळला. लाज वाटायला कायदा लागत नाही, पण छापखान्याला सूचना द्यायला तुम्हाला बहुधा लागेल.

आता पैशाचं, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण मदत बंद करा असं मी म्हणत नाही. उलट.

केनियात 2003 साली प्राथमिक शिक्षण मोफत झालं. पहिल्याच वर्षी लाखो नवी मुलं शाळेत आली. सरकार प्राथमिकच्या दर मुलामागे वर्षाला 1,420 शिलिंग देतं, आपले हजाराच्या आसपास रुपये. त्यात खडू, पुस्तकं, दुरुस्ती सगळं. आणि ते पैसेही वेळेवर येतीलच असं नाही. (शाळेच्या किरकोळ खर्चासाठीच्या आमच्या सादिल अनुदानाची आठवण झाली का कोणाला?) शिक्षक सरकारी आयोग नेमतो, ते पुरत नाहीत, मग शाळेचं व्यवस्थापन मंडळ स्वतः एक-दोघं ठेवतं आणि त्यांचा पगार पालकांनी नाहीतर पाहुण्यांनी भरायचा. आता दुसऱ्या बाजूचा आकडा. जुलै ते डिसेंबरात मसाई मारा रिझर्व्हमध्ये शिरायचं तर परदेशी प्रौढाला 200 डॉलर पडतात, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. परतीच्या विमानात मी पेपर नॅपकिनवर भागाकार केला: माझ्या एका दिवसाच्या फाटक-शुल्कात तिथल्या 18 मुलांचं सरकारी वार्षिक अनुदान बसतं. म्हणजे पाहुण्यांच्या पैशाने खूप काही होऊ शकतं, आणि होतंही. त्या भागात मुलींची वसतिगृहं, वर्गखोल्या, शिक्षकांचे पगार पाहुण्यांच्या देणग्यांवर चाललेले आहेत. पहाटेच्या अंधारात हत्ती आणि रानरेड्यांच्या वाटेवरून चालत येणाऱ्या पोरीला शाळेतच झोपायला खाट मिळणं ही लहान गोष्ट नाही. आमच्याकडे वाघाच्या भीतीने किती मुलींची शाळा सुटली ते मी पाहिलेलं आहे.

पण त्याच पैशाचा दुसरा चेहरा 2020 साली दिसला. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, विमानं थांबली, कॅम्प ओस पडले. जानेवारी 2021 मध्ये शाळा पुन्हा पूर्ण उघडल्या तेव्हा पाहुणे परतलेले नव्हते, आणि पाहुण्यांच्या पगारावरचे शिक्षक कोणाच्या पगारावर राहणार होते? मुख्याध्यापक म्हणाले, एक जण गुरं राखायला गेला तो आलाच नाही. त्याच्या जागी आजही कोणी नाही.

आम्ही 18 जणांनी त्या संध्याकाळी 940 डॉलर जमवले. ते मीच मोजले, शिक्षकी सवय. कॅम्पच्या दुकानात 'शाळा निधी' लिहिलेली लाकडी पेटी होती, त्यात न टाकता मी ते टूर मॅनेजरच्या हातात दिले आणि पावती मागितली. पावतीऐवजी आमचा फोटो आला. ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत मी तुम्हाला तीन मेल केले. एकाला उत्तर आलं: "आपल्या दातृत्वाबद्दल आभारी आहोत." मला आभार नको होते, शाळेच्या खात्यात रक्कम कधी जमा झाली ती तारीख हवी होती. चोरी झाली असा माझा आरोप नाही. रक्कम पोचली असेलही. पण जिल्हा परिषदेत शंभर रुपयांच्या झाडूचं बिल लावल्याशिवाय माझा महिना बंद होत नसे, आणि इथे 940 डॉलरचा कागद नाही.

एक अवांतर. केनियाच्या राजचिन्हावर 'हरांबे' हा शब्द आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं. आमच्या गाइडने आम्हाला खूश करायला सांगितलं की हा शब्द रेल्वे बांधणाऱ्या भारतीय मजुरांच्या "हर अंबे"वरून आला. गाडीत टाळ्या पडल्या. मला ती व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते. पण त्या शब्दामागचं काम खरं आहे: 1963 च्या स्वातंत्र्यानंतर त्या देशात गावोगाव लोकांनी वर्गणी काढून, स्वतः विटा वाहून शाळा उभ्या केल्या, त्यांना हरांबे शाळाच म्हणत. लोकवर्गणीतून उभी राहिलेली शाळा आपल्याला काही नवीन नाही. तेव्हा तुमच्या पत्रकातली "आमच्या पर्यटकांनी घडवलेली शाळा" ही ओळ खोडा. आम्ही दीड तास होतो तिथे.

मागण्या अशा:

1. शाळा चालू असताना भेट बंद. पत्रकातून 'आकर्षण' म्हणून शाळा काढा. शाळेने स्वतः बोलावलं, शनिवारी फुटबॉलचा सामना आहे, पालकांची सभा आहे, तर जरूर न्या, चार-पाच जणांना, रिकाम्या हाताने.

2. पत्रक, संकेतस्थळ, फेसबुक, सगळीकडून मुलांचे चेहरे उतरवा. पुढे वापरायचे तर पालकांची लेखी संमती, त्यांना समजेल अशा भाषेत, म्हणजे मा किंवा स्वाहिलीत.

3. बॅगेतून वस्तू नेणं बंद. प्रवाशांना पाठवायच्या यादीतून "मुलांसाठी पेन-चॉकलेट" ही ओळ आजच काढता येईल.

4. दर प्रवाशामागे एक ठरावीक रक्कम सहलीच्या किमतीतच धरा आणि ती कॅम्पच्या पेटीत नाही, शाळेच्या व्यवस्थापन मंडळाच्या बँक खात्यात पाठवा. किमान तीन वर्षांचा लेखी शब्द द्या, आणि पाहुणे न आले त्या वर्षीही तो पाळा. रक्कम कशावर खर्च करायची ते मंडळ ठरवील. त्यात पालक असतात, आपल्या शाळा व्यवस्थापन समितीसारखेच. त्यांनी घेवडा म्हटलं तर घेवडा. घेवड्यावर तुमच्या कंपनीची पाटी लागणार नाही, हे मला माहीत आहे.

5. दरवर्षी किती जमले, किती पोचले, हे मराठीत जाहीर करा. एक पान पुरे.

6. आमच्या 940 डॉलरचा हिशोब. शाळेचा शिक्का असलेली पावती, तारखेसह.

कॅम्पच्या व्यवस्थापकांना या पत्राचं इंग्रजी भाषांतर वेगळं पाठवते आहे. त्यांना एक जादा विनंती: पाहुणे येणार असतील तर मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी कळवा, आणि ते नाही म्हणाले तर तो नकार पाहुण्यांना हसून सांगायची तयारी ठेवा. पाहुणे समजून घेतात. माझ्या शाळेत एकदा मी मंगळवारी फाटकाला कुलूप लावून गणित शिकवलं होतं. रिसॉर्टच्या मॅनेजरने फोन केला, वरच्या साहेबांनी फोन केला, पण ती गाडी निमूट वळून गेली आणि आतल्या बाईंनी खिडकीतून मला हात केला.

माझ्याबरोबर आलेल्या 17 जणांपैकी 11 जणांनी हे पत्र वाचून संमती दिली आहे. दोघांना ते फार कडक वाटलं. "ए फॉर ॲपल"वाल्या काकांनी वाचून फोन केला. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, त्या मुलीला पावसाचं उत्तर पाठवता येईल का? पत्ता शाळेचा आहे माझ्याकडे. त्यांनी आंतरदेशीय पत्र शोधलं, ते परदेशी चालत नाही म्हटल्यावर पाकीट आणलं आहे.

लेखी उत्तराची वाट एक महिना पाहीन. माहितीपत्रकातला फोटो मात्र माझा आहे, त्याला महिना लागायचं कारण नाही. तो या आठवड्यात काढा.

कळावे,

आपल्या 2024 च्या केनिया सहलीतील एक प्रवासी,
निवृत्त शिक्षिका, जि. चंद्रपूर